लंडनला बहिणीकडे मुक्काम असताना कमी परिचित वस्त्या कशा पाहाव्यात?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. माझी थोरली बहीण गेली अनेक वर्षे लंडनमध्ये राहते. तिचे घर शहराच्या दक्षिण भागात, फॉरेस्ट हिल स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि ती एका रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते. येत्या मे महिन्यात मी काही आठवडे तिच्याकडे राहायला जाणार आहे. टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम, वेस्टमिन्स्टर ही ठिकाणे मागच्या खेपेस पाहून झाली आहेत आणि त्यांच्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहण्याची इच्छा नाही. जिथे माणसे राहतात, बाजारहाट करतात, मुलांना शाळेत सोडतात, पण ज्या जागांना स्वतःचा जुना इतिहासही आहे, अशा वस्त्या मला या वेळी पायी फिरून पाहायच्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ताई रात्रपाळी करून सकाळी घरी येते तेव्हा तिला शांत झोप मिळणे सर्वांत महत्त्वाचे असते, आणि घर लहान असल्यामुळे मी स्वयंपाकघरात भांडे हलवले तरी तिला जाग येते. त्यामुळे अशा दिवशी सकाळी लवकर बाहेर पडावे, तिची झोप होईपर्यंत फिरावे आणि दुपारनंतर परतून तिच्यासोबत जेवावे, असा माझा विचार आहे. तिच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी मिळून जाऊ, पण तो दिवस तिला दमवणारा नसावा. घर आणि रुग्णालय यांच्या पलीकडचे शहर तिलाही फारसे पाहायला मिळालेले नाही, असे ती स्वतःच म्हणते.

कोणत्या वस्त्या निवडाव्यात, त्या कोणत्या क्रमाने पाहाव्यात आणि एकटीने फिरताना काय लक्षात ठेवावे, याविषयी तिथे राहिलेल्या किंवा राहत असलेल्या मंडळींनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

थेम्सकाठ

आपल्या बहिणीचे घर फॉरेस्ट हिलला आहे, यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे असे मला वाटते. पाहुण्यांना बहुतेकदा चारही दिशांच्या वस्त्यांची यादी दिली जाते, आणि मग त्यांचा निम्मा दिवस भुयारी गाड्या बदलण्यात जातो. माझा सल्ला असा की ताईंच्या घराजवळून जाणारी एकच रेल्वेवाट धरावी आणि तिच्यावरची स्थानके एकेक करून पायी पालथी घालावीत. ही वाट म्हणजे ओव्हरग्राउंडची, म्हणजे लंडनच्या मुख्यतः जमिनीवरून धावणाऱ्या शहरी रेल्वेची, विंडरश लाइन. ओव्हरग्राउंडच्या मार्गांना २०२४ च्या अखेरीस वेगवेगळी नावे देण्यात आली, त्यांपैकी हे एक आहे. १९४८ साली कॅरिबियन बेटांवरून स्थलांतरितांना घेऊन आलेल्या जहाजाच्या नावावरून ते ठेवले आहे. त्याच वर्षी इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि कॅरिबियनमधून आलेल्या असंख्य स्त्रियांनी पुढे तिच्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम केले. आपल्या बहिणीचे कामही त्याच क्षेत्रातले असल्याने ही माहिती आपल्याला जवळची वाटेल.

सुरुवात रॉदरहाइथपासून करावी. फॉरेस्ट हिलहून गाडी थेट तिथे जाते. थेम्सच्या दक्षिण काठावरची ही जुनी खलाशांची वस्ती आहे, आणि स्थानकाबाहेर पडून नदीकडे वळले की पाच मिनिटांत आपण सेंट मेरी चर्चपाशी पोहोचतो. १६२० साली अमेरिकेला गेलेले 'मेफ्लॉवर' जहाज त्या प्रवासासाठी याच काठावरून निघाले होते आणि त्याचा कप्तान क्रिस्टोफर जोन्स याला १६२२ मध्ये या चर्चच्या आवारात पुरण्यात आले. चर्चसमोरच्या गल्लीत एका जुन्या धर्मादाय शाळेची इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर एक मुलगा आणि एक मुलगी अशा गणवेशातल्या दोन लहान मूर्ती उभ्या आहेत, त्या मान वर करून अवश्य पाहाव्यात. शेजारीच १८२१ ची पहारेकऱ्यांची एक छोटी चौकी आहे. त्या काळी शरीरशास्त्राच्या शिक्षणासाठी प्रेते विकत घेतली जात असत, आणि ताज्या कबरी उकरून प्रेते चोरणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी रात्री तिथे माणसे बसत. १८३२ च्या कायद्याने वैद्यकीय शाळांना रीतसर मार्ग मिळाला आणि हा धंदा संपला. आपल्या ताईंना ही चौकी दाखवण्यासारखी आहे.

तिथून काही पावलांवर ब्रुनेल संग्रहालय आहे. मार्क ब्रुनेल आणि त्यांचा मुलगा इसाम्बार्ड यांनी १८२५ ते १८४३ या काळात थेम्सच्या तळाखालून बोगदा काढला. जहाजे चालतात अशा नदीखालून काढलेला हा जगातला पहिला बोगदा मानला जातो. काम कसे सुरू झाले ते जागेवर उभे राहून समजून घेण्यात खरी मौज आहे. ब्रुनेल यांनी आधी विहीर खणली नाही. त्यांनी जमिनीवरच विटांचा प्रचंड गोल मनोरा बांधला आणि आतली माती काढत गेले, तसा तो मनोरा स्वतःच्या वजनाने हळूहळू जमिनीत उतरला. १८२८ च्या जानेवारीत बोगद्यात पाणी घुसून सहा जण दगावले, इसाम्बार्ड जेमतेम वाचले आणि पुढे कित्येक वर्षे काम बंद राहिले. बोगदा पुरा झाल्यावर आधी त्यातून लोक पायी जात असत, मग १८६९ पासून आगगाड्या धावू लागल्या, आणि आज विंडरश लाइनची गाडी त्याच बोगद्यातून आपल्याला पलीकडे वॉपिंगला नेते. वॉपिंगच्या फलाटाच्या नदीकडील टोकाला उभे राहिले की बोगद्याच्या दोन कमानी समोर दिसतात. संग्रहालय आठवड्याचे सर्व दिवस उघडे नसते, म्हणून वेळा आधी पाहून घ्याव्यात. बाहेरचा परिसर मात्र केव्हाही पाहता येतो.

वॉपिंगला उतरल्यावर नदीसमांतर रस्त्याने चालावे. दोन्ही बाजूंना जुनी गोदामे आहेत, ज्यांची आता राहती घरे झाली आहेत, आणि त्यांच्या मधून पाण्यापर्यंत जाणारे अरुंद दगडी जिने आहेत. पूर्वी होडीवाले या जिन्यांपाशी उतारू घेत असत. थेम्सवरील चोऱ्या रोखण्यासाठी १७९८ मध्ये स्थापन झालेल्या नदी-पोलिसांचे ठाणे आजही याच रस्त्यावर आहे.

रॉदरहाइथला दुसरी एखादी सकाळ द्यायची असेल तर पूर्वेकडे चालत जावे. इथल्या सरे गोद्यांत बाल्टिक आणि स्कँडिनेव्हियातून लाकूड येत असे, म्हणूनच नॉर्वेजियन आणि फिनिश खलाशांची चर्चेस आजही इथे जवळजवळ उभी आहेत. १९७० मध्ये गोद्या बंद झाल्या, बऱ्याचशा बुजवल्या गेल्या आणि त्यांतल्या एका जागी आता रशिया डॉक वुडलँड नावाची झाडी आहे. तिच्या कडेला स्टेव्ह हिल ही मानवनिर्मित टेकडी आहे. माथ्यावर जुन्या गोद्यांचा उठावाचा कांस्य नकाशा बसवलेला असून, पाऊस पडून गेल्यावर त्यातल्या गोद्यांच्या खोलगट जागी खरोखरच पाणी साचते. एरवी आसपासच्या इमारतींकडे पाहून इथे कधी जहाजे लागत होती यावर विश्वास बसत नाही. या टेकडीवर मात्र हाताने चाचपून कळते की आपण उभे आहोत त्या जागी पूर्वी काय होते.

हायगेटवासी

वरील प्रतिसाद उत्तम आहे, मात्र केवळ दक्षिण आणि पूर्व पाहून मराठी माणसाने परत जावे हे मला पटत नाही. त्याच विंडरश लाइनने उलट टोकाला, म्हणजे हायबरी अँड इस्लिंग्टनपर्यंत, गाडी न बदलता जाता येते. तिथून व्हिक्टोरिया लाइनने पुढचेच स्थानक फिन्सबरी पार्क. या उद्यानाच्या कडेने पार्कलँड वॉक सुरू होतो. ही मुळात रेल्वेची वाट आहे. उतारूंची वाहतूक १९५४ मध्ये थांबली, पुढे रूळ उखडले गेले आणि दुतर्फा झाडे वाढून आता तिथे चालण्याची सावलीची वाट झाली आहे. क्राउच एंडच्या जुन्या स्थानकाचे दोन्ही फलाट जागच्या जागी आहेत आणि आपण पूर्वी रूळ होते तिथून, फलाटांच्या मधून चालतो. त्याच्या अलीकडे एका विटांच्या कमानीतून बाहेर झेपावणारे लोककथेतल्या भुताचे शिल्प आहे. मान वर न करणाऱ्यांच्या ते हमखास नजरेतून सुटते.

वाट हायगेटला संपते. हायगेटची दफनभूमी आणि तिथली कार्ल मार्क्सची समाधी प्रसिद्धच आहे, तिथे तिकीट काढून जाता येते. मला मात्र आपल्याला क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर न्यायचे आहे. क्रमांक ६५ चे घर म्हणजे श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेले इंडिया हाउस. १९०६ मध्ये लंडनला आलेले विनायक दामोदर सावरकर इथे राहत होते, आणि तसा निळा फलक दर्शनी भिंतीवर आहे. घर खासगी आहे, त्यामुळे समोरच्या पदपथावरूनच पाहावे. रस्ता अगदी साधा, लाल विटांच्या एकसारख्या घरांचा आहे, आणि पोलिसांची नजर ज्या घरावर खिळली होती ते याच रांगेतले एक, हे फलक वाचल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येणार नाही.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या एखाद्या दिवशी प्रिमरोझ हिलला जावे. चॉक फार्म स्थानकापासून थोड्या अंतरावर, १० किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील त्यांचे शिक्षण तेव्हा चालू होते आणि १९२३ मध्ये त्यांना तिथली डी.एस्सी. पदवी मिळाली. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले आणि आता तिथे त्यांचे स्मारक आहे. त्या वेळी हाताशी अगदी मोजके पैसे असताना एवढ्या अभ्यासाचा डोंगर त्यांनी कसा उपसला असेल, हे त्या जिन्यांवरून वर जाताना मनाला भिडते. हायगेटहून येताना नॉर्दर्न लाइनला कॅम्डन टाउन इथे गाडी बदलावी लागते, कारण दोन्ही स्थानके वेगवेगळ्या फाट्यांवर आहेत. पायांत बळ असेल तर हॅम्पस्टेड हीथच्या गवताळ टेकड्यांवरून उतरत चालत यावे, ते कितीतरी चांगले.

माझ्या मते हा उत्तरेचा दिवस आपण एकटीने करू नये. तो ताईंच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा, कारण या दोन घरांसमोर दोघींनी मिळून उभे राहण्याला वेगळा अर्थ आहे.

नकाशावाचक

ठिकाणांविषयी वर पुरेसे आले आहे, म्हणून मी फक्त व्यवहाराचे लिहितो.

रेल्वेत आणि बसमध्ये जाताना भाडे देण्यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते, तेव्हा ताईंच्या कार्डावर दोघींनी जाण्याचा विचार करू नये. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे, पण तिचा लाभ मिळण्यासाठी दिवसभर एकच कार्ड वापरावे लागते. तेच कार्ड फोनमध्ये भरून कधी फोन आणि कधी प्रत्यक्ष कार्ड टेकवले तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी समजते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात या वेळांत रेल्वेचे भाडे सहसा जास्त असते. फॉरेस्ट हिल, रॉदरहाइथ आणि वॉपिंग ही सर्व स्थानके पहिल्या झोनच्या (भाड्यासाठी ठरवलेल्या मध्यवर्ती विभागाच्या) बाहेर असल्याने तो फेरा स्वस्त पडतो; हायबरीकडे जाताना गाडी पहिल्या झोनमधून जाते. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, मात्र पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून एका तासात कितीही बस बदलल्या तरी एकच भाडे पडते. रेल्वेतून बाहेर पडताना पुन्हा कार्ड टेकवावे, बसमधून उतरताना टेकवू नये.

वॉपिंग आणि रॉदरहाइथच्या दगडी जिन्यांवरून ओहोटीच्या वेळी नदीच्या पात्रात उतरता येते आणि तिथे जुन्या चिलमीचे, मडक्यांचे तुकडे दिसतात. ते उचलण्यासाठी, इतकेच काय पण शोधण्यासाठीही, पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. भरती-ओहोटीतला फरक सात मीटरपर्यंत जातो आणि पाणी फार वेगाने चढते, त्यामुळे एकटीने असताना आपण काठावरूनच पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वस्त्यांमध्ये फिरताना घरांच्या खिडक्या, अंगणात खेळणारी मुले किंवा शाळेच्या फाटकाजवळची गर्दी यांची छायाचित्रे काढू नयेत. कायद्याने रस्त्यावर छायाचित्र काढता येते, पण आपण कोणाच्या तरी दारासमोर उभ्या असतो आणि त्या माणसाला रोज तिथूनच ये-जा करायची असते. मे महिन्यात उजेड पहाटे पाचच्या सुमारास होतो आणि रात्री साडेआठनंतरही राहतो, त्यामुळे पार्कलँड वॉक किंवा वुडलँडसारख्या झाडीच्या वाटा भर उजेडात पाहण्यात अडचण नाही. अंधारात मात्र त्या टाळाव्यात.

पायवाट

तिघांचेही मनापासून आभार. एका रेल्वेवाटेवरून शहर पाहण्याची कल्पना मला फार आवडली आणि ताईलाही ती सांगितली. वॉपिंगखालून ती नेहमी जाते, पण तो ब्रुनेल यांचा बोगदा आहे हे तिला ठाऊक नव्हते. आता ती स्वतःच मला तिथे न्यायचे म्हणते आहे.

एक शंका उरते. तिची सुट्टी बहुतेक वेळा रात्रपाळ्यांची ओळ संपल्यानंतर येते आणि त्या दिवशी ती दुपारपर्यंत झोपते. हायगेट आणि प्रिमरोझ हिल हा दिवस मी तिच्या सलग दोन दिवसांच्या रजेसाठी राखून ठेवीन, परंतु अशा अर्ध्या दिवसात, फार न चालता, घराजवळ काय पाहता येईल?

थेम्सकाठ

अर्ध्या दिवसासाठी आपण दक्षिणेकडे वळावे. पेंज वेस्ट स्थानक फॉरेस्ट हिलपासून अगदी थोड्या मिनिटांवर आहे आणि तिथून क्रिस्टल पॅलेस पार्कचे खालचे फाटक जवळ पडते. १८५१ च्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभारलेला काचेचा महाल नंतर इथल्या टेकडीवर हलवून अधिक मोठा बांधला गेला. तो १८५४ मध्ये खुला झाला आणि १९३६ च्या ३० नोव्हेंबरला जळून गेला. वरच्या बाजूला आज फक्त रुंद दगडी गच्च्या, पायऱ्या आणि स्फिंक्सच्या मूर्ती उरल्या आहेत. खालच्या तळ्याकाठी मात्र बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी १८५४ साली उभे केलेले प्रागैतिहासिक प्राण्यांचे पुतळे आहेत. तेव्हा हाती आलेल्या मोजक्या हाडांवरून त्या काळच्या अभ्यासकांनी जी कल्पना केली, ती या पुतळ्यांत जशीच्या तशी टिकून आहे. इग्वानोडॉन या डायनोसॉरच्या नाकावर एक जाड शिंग बसवलेले दिसेल. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या एका कोळशाच्या खाणीत याच प्राण्याचे संपूर्ण सांगाडे सापडले तेव्हा कळले की ते शिंग नसून अंगठ्यावरचा काटा होता. माझ्या मते हे पुतळे विज्ञान कसे पुढे जाते ते दाखवणारी लंडनमधली सर्वांत प्रामाणिक वस्तू आहेत. दुरुस्तीच्या कामांमुळे उद्यानाचा काही भाग बंद असू शकतो, त्याची चौकशी निघण्यापूर्वी करावी.

यापेक्षाही कमी चालायचे असेल तर घराजवळचे हॉर्निमन संग्रहालय आणि त्याची बाग आहे. फ्रेडरिक हॉर्निमन या चहाच्या व्यापाऱ्याने जमवलेला संग्रह १९०१ मध्ये लंडनच्या लोकांना देऊन टाकला आणि आजही मुख्य प्रवेश विनामूल्य आहे. बागेच्या उंच कडेवरून उत्तरेकडे सारे शहर दिसते. तिथल्या बाकावर ताईंनी नुसते बसून राहावे आणि आपण त्यांना सकाळी कुठे जाऊन आलात ते बोट दाखवून सांगावे, एवढाही कार्यक्रम पुरे आहे. दुसऱ्या एखाद्या वेळी ऑनर ओक पार्क स्थानकावरून वन ट्री हिल चढावी. १८९६ मध्ये एका गोल्फ क्लबने ही टेकडी कुंपण घालून बंद केली, तेव्हा पुढच्या वर्षी आसपासच्या हजारो रहिवाशांनी तिथे जमून विरोध केला आणि १९०५ मध्ये ती कायमची लोकांसाठी खुली झाली. आपण पाहू इच्छिता तशा वस्तीचा याहून चांगला इतिहास मला ठाऊक नाही.

जाताना एक गोष्ट पाहावी. सिडनहॅमनंतर मार्गाला फाटा फुटतो: काही गाड्या क्रिस्टल पॅलेसला जातात आणि काही पेंज वेस्टवरून वेस्ट क्रॉयडनला. फलाटावरील पाटीवर शेवटचे स्थानक वाचूनच गाडीत बसावे. जाताना चढ टाळण्यासाठी क्रिस्टल पॅलेस स्थानकावर उतरून वरच्या गच्च्या आधी पाहाव्यात, उतरत तळ्यापाशी यावे आणि पेंज वेस्टहून परतावे, म्हणजे रात्रपाळी करून थकलेल्या पायांना त्रास कमी होईल. शनिवार-रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी या मार्गावर गाड्या कधीकधी बंद असतात, त्यामुळे आदल्या रात्री वेळापत्रक तपासावे. गाड्या नसतील तर फॉरेस्ट हिलवरून क्रिस्टल पॅलेसला बसने जाता येते.